ओढली फाइल गेली कुठे?

संगणकापुढे बसलात की एक साधी कृती तुम्ही दिवसातून किती तरी वेळा करता. पडद्यावरच्या फाइलच्या चित्रावर माऊसचा बाण नेता, डावे बटण दाबून धरता, ते चित्र ओढत दुसऱ्या फोल्डरवर आणता आणि बटण सोडून देता. फाइल तिकडे जाऊन बसते. इंग्रजीत या कृतीला ‘ड्रॅग अँड ड्रॉप’ म्हणतात. आपण तिला ‘ओढा आणि सोडा’ म्हणू.

कृती इतकी सोपी आहे, की पहिलीतले मूलही ती दोन मिनिटांत शिकते. पण तिच्यात दोन कोडी दडलेली आहेत. समजा, शाळेच्या सहलीचा २ गिगाबाइटचा एक व्हिडिओ तुमच्या संगणकावर आहे. तो त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढलात, तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो तिकडे पोहोचतो. तोच व्हिडिओ पेनड्राइव्हवर ओढलात, तर तीन-चार मिनिटे ताटकळत बसावे लागते. हे झाले पहिले कोडे. दुसरे असे, की पहिल्या वेळी मूळ जागी फाइल उरत नाही. दुसऱ्या वेळी मात्र ती मूळ जागीही राहते आणि पेनड्राइव्हवरही दिसते. हाताची हालचाल एकच, मग परिणाम दोन कसे?

हे कोडे नुसते गमतीचे नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी महिनाभर खपून केलेला प्रकल्प, सरांनी वर्षभर जमवलेल्या प्रश्नपत्रिका, घरातल्या वडीलधाऱ्यांची जुनी छायाचित्रे या गोष्टी आज फाइलींच्या रूपात असतात. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेताना त्या हरवू शकतात किंवा बिघडू शकतात. म्हणून ओढताना आत नेमके काय घडते, हे जाणून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

शेत जागचे हलत नाही

फाइलीचे दोन भाग असतात. एक तिच्यातला मजकूर, म्हणजे डिस्कवर प्रत्यक्ष लिहिलेल्या शून्य आणि एक या आकड्यांच्या रांगा. दुसरा भाग म्हणजे तिची नोंद. नोंदीत फाइलीचे नाव असते, आकार असतो, तारीख असते आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे त्याचा पत्ता लागेल अशी माहिती असते.

आता आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. गावातले शेत एकाने दुसऱ्याला विकले. शेत उचलून दुसरीकडे नेले का? नाही. बांध, विहीर, आंब्याचे झाड सारे जागच्या जागी राहिले. बदलली ती महसुली दप्तरातली नोंद. फेरफार झाला आणि सातबाराच्या उताऱ्यावर नवे नाव चढले. एक गुंठा असो की दहा एकर, नोंद करायला सारखाच वेळ लागतो.

एकाच डिस्कवर फाइल ओढताना असेच घडते. फोल्डर म्हणजे फाइलींच्या नोंदींची यादी. जुन्या फोल्डरच्या यादीतून नोंद काढली जाते आणि नव्या फोल्डरच्या यादीत घातली जाते. मजकुराला कोणी हातही लावत नाही. पुष्कळ पेनड्राइव्हांवर ‘फॅट’ नावाची मांडणी असते. तिच्यात एका फाइलीची मूळ नोंद अवघी ३२ बाइटची असते. नाव लांब असेल तर अशा आणखी काही नोंदी लागतात. २ गिगाबाइटच्या फाइलीसाठी एवढीच लिखापढी करायची, मग वेळ लागेल कशाला? पहिल्या कोड्याचे अर्धे उत्तर मिळाले.

पेनड्राइव्ह म्हणजे मात्र दुसरे गाव. त्याचे दप्तर वेगळे आणि जमीनही वेगळी. इकडच्या दप्तरातली नोंद तिकडे नेऊन उपयोग काय? तिकडे ते शेतच नाही! म्हणून मजकुराचा प्रत्येक बाइट वाचून तिकडे नव्याने लिहावा लागतो. पेनड्राइव्हवर सेकंदाला १० मेगाबाइट लिहिले जातात असे धरा. २ गिगाबाइट म्हणजे सुमारे २,००० मेगाबाइट. भागाकार करा: २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद. नंतर शेवटी नोंद केली जाते.

दुसऱ्या कोड्याचे उत्तरही यातच आहे. दुसऱ्या डिस्कवर नेताना नाही तरी नवी प्रत करावीच लागते. प्रत झाल्यावर मूळ फाइल पुसायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो. न पुसणे अधिक सुरक्षित, म्हणून संगणक ती राहू देतो. विंडोज आणि मॅकिन्टॉश या दोन्ही पद्धतींत हाच संकेत आहे: डिस्क तीच असेल तर हलवणे, डिस्क वेगळी असेल तर प्रत करणे.

हा संकेत आपल्याला बदलताही येतो. विंडोजमध्ये ओढताना ‘कंट्रोल’ कळ दाबून धरली तर प्रत होते. ‘शिफ्ट’ दाबून धरली तर फाइल हलवली जाते. ओढता ओढता विचार बदलला तर ‘एस्केप’ कळ दाबावी, ओढणे रद्द होते. डाव्याऐवजी उजव्या बटणाने ओढले तर सोडताक्षणी एक छोटी यादी उघडते आणि ‘काय करू?’ असे संगणकच आपल्याला विचारतो. नवशिक्यांनी ही सवय जरूर लावून घ्यावी.

ओढण्याची कल्पना कोठून आली?

ज्या माऊसने आपण ओढतो, त्याचा पहिला नमुना १९६४ साली अमेरिकेत तयार झाला. कल्पना डग्लस एंगेलबार्ट यांची आणि घडवणारे हात बिल इंग्लिश यांचे. त्याचे कवच लाकडी होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले.

फाइलींना पडद्यावर चित्ररूप देणारा ‘झेरॉक्स स्टार’ हा संगणक १९८१ साली बाजारात आला. पण त्याच्यात फाइल ओढत नसत. आधी फाइल निवडायची, मग कळफलकावरची ‘हलवा’ या अर्थाची कळ दाबायची आणि नंतर नवी जागा दाखवायची, अशी तीन पायऱ्यांची रीत होती. अॅपल कंपनीचा ‘लिसा’ १९८३ साली आणि ‘मॅकिन्टॉश’ २४ जानेवारी १९८४ रोजी आला. चित्र पकडून थेट ओढण्याची पद्धत लोकांच्या हाती रुळली ती या संगणकांमुळे.

या पद्धतीने एक गोंधळही घातला. मॅकिन्टॉशवर नको असलेली फाइल कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर ओढली की ती टाकून दिली जाई. पण फ्लॉपी डिस्कचे चित्र त्याच डब्यावर ओढले, तर फ्लॉपी पुसली न जाता यंत्रातून बाहेर येई! फ्लॉपी बाहेर काढण्यासाठी ती कचऱ्यात टाकायची, हे पाहून नवख्या माणसाच्या छातीत धडकी भरे. पुढे डिस्क ओढताना त्या डब्याचे चित्र बदलून ‘बाहेर काढा’ ही खूण दिसू लागली. ओढण्याची कृती सोपी असली, तरी सोडल्यावर काय होणार हे दिसणे तितकेच महत्त्वाचे, असा हा धडा.

मदतीला आलेले प्रोग्राम

संगणकाबरोबर आलेली ओढा-सोडाची सोय काहींना अपुरी वाटू लागली. त्यातून पूरक प्रोग्राम तयार झाले. त्यांना ‘युटिलिटी’ म्हणतात. बैलगाडी तीच ठेवून तिला जास्तीची साटी जोडावी, तसे हे प्रोग्राम मूळ व्यवस्था न बदलता तिला जोड देतात.

यातली एक गोष्ट तुमच्या वयाच्या मुलाची आहे. १९८७ साली न्यूयॉर्कमधील स्टायव्हेसंट हायस्कूलचा विद्यार्थी रेमंड लाउ याने मॅकिन्टॉशसाठी ‘स्टफिट’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तो फाइली दाबून लहान करी आणि अनेक फाइलींचे एक गाठोडे बांधी. पुढे १९९१ साली मॅकिन्टॉशच्या ‘सिस्टिम ७’ या आवृत्तीत कोणतीही फाइल प्रोग्रामच्या चित्रावर ओढून सोडण्याची सोय आली. मग त्याच घराण्यातला ‘ड्रॉपस्टफ’ हा प्रोग्राम निघाला. त्याच्या चित्रावर फाइल सोडा की गाठोडे तयार! यादी उघडणे नाही की आज्ञा टंकणे नाही.

१९९५ साली स्कॉटलंडच्या जेम्स थॉमसन यांनी ‘ड्रॅगथिंग’ नावाचा प्रोग्राम काढला. नेहमी लागणाऱ्या फाइली, फोल्डर आणि प्रोग्राम यांची चित्रे एका पट्टीवर ओढून ठेवायची, म्हणजे ती हाताशी राहतात, अशी त्याची युक्ती होती.

हे प्रोग्राम कसे चालतात? तुम्ही बटण दाबून धरता तेव्हा संगणक लगेच ओढायला सुरुवात करत नाही. हात किंचित हलला म्हणून फाइल सरकू नये, यासाठी बाण काही बिंदू सरकेपर्यंत तो थांबतो. विंडोजमध्ये हे अंतर साधारणपणे ४ बिंदूंचे असते. त्यानंतर बाण ज्या ज्या खिडकीवरून जातो, तिला संगणक विचारत जातो, ‘हे तू घेशील का?’ घेणारी असेल तर बाणाचे रूप बदलते. नसेल तर मनाईची खूण दिसते. तुम्ही बटण सोडले की त्या खिडकीच्या प्रोग्रामला एक यादी दिली जाते. त्या यादीत काय असते? फाइलींची नावे आणि त्यांचे पत्ते. मजकूर नाही!

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपण पडद्यावर जे ओढतो, ते असते फाइलीचे नाव. मजकूर न्यायचा की नाही, कसा न्यायचा आणि तो नीट पोहोचला की नाही, हे पुढचे काम नाव घेणाऱ्या प्रोग्रामचे. चांगली आणि साधारण युटिलिटी यांतला फरक इथेच कळतो.

ताळा पाहणारा प्रोग्राम

विंडोजवर चालणारा ‘टेराकॉपी’ हा अशा युटिलिटींपैकी एक. फाइली ओढून नव्या जागी सोडल्या की प्रत करण्याचे काम तो आपल्याकडे घेऊ शकतो. मध्येच काम थांबवता येते आणि पुन्हा पुढे चालू करता येते. पाचशे फाइलींपैकी एक वाचता आली नाही, तर सगळे काम अडवून न ठेवता तो ती बाजूला ठेवतो, बाकीच्या पूर्ण करतो आणि कोणती फाइल राहिली ते यादीत दाखवतो. त्याचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे केलेली प्रत मुळाबरहुकूम आहे का, हे तो तपासू शकतो.

तपासतो कसे? गणिताच्या तासाला गुणाकार केल्यावर तुम्ही ताळा पाहता ना? तसाच.

४७२९५ ही संख्या एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवायची आहे असे समजा. अंकांची बेरीज २७. उतरवताना चुकून ४७३९५ लिहिले, तर बेरीज २८ येते आणि चूक पकडली जाते. पण ७४२९५ असे लिहिले तर? अंकांची अदलाबदल झाली, तरी बेरीज २७ च! हा ताळा फसला.

मग थोडी सुधारणा करू. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने असे गुणून बेरीज घेऊ. ४७२९५ साठी ४ + १४ + ६ + ३६ + २५ = ८५. आणि ७४२९५ साठी ७ + ८ + ६ + ३६ + २५ = ८२. आता अदलाबदलही सापडली. पण हाही ताळा परिपूर्ण नाही. बेरीज ८५ च येईल अशी वेगळी पाच अंकी संख्या शोधून पाहा. थोड्या प्रयत्नाने सापडेल.

संगणक हेच काम अधिक कसोशीने करतो. फाइलीतल्या सर्व बाइटांवर ठरावीक आकडेमोड करून तो एक ताळा-अंक काढतो. ‘सीआरसी-३२’ या पद्धतीत असे ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे अंक असू शकतात. ‘एसएचए-२५६’ या पद्धतीत ताळा ६४ चिन्हांचा असतो. दोन वेगळ्या फाइलींचा हा ताळा योगायोगाने एकच यावा, ही गोष्ट व्यवहारात अशक्यच मानतात. मूळ फाइलीचा ताळा काढायचा, प्रतीचा काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. जुळले तर प्रत बिनचूक; एका बाइटाचाही फरक पडला तर ताळा बदलतो.

आता फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कायमची हलवण्याची योग्य रीत कोणती, ते तुम्हीच सांगू शकाल. आधी प्रत, मग ताळा आणि ताळा जुळल्यावरच मूळ फाइल पुसणे. हा क्रम कधीही मोडू नये.

घाई केली की घात

ओढा-सोडा बिघडते कोठे, हेही पाहू. पेनड्राइव्हवर लिहायचा मजकूर संगणक काही वेळा आधी स्वतःच्या स्मृतीत साठवतो आणि सवडीने लिहितो. पडद्यावर काम संपलेले दिसते, पण शेवटचे लिखाण बाकी असू शकते. अशा वेळी पेनड्राइव्ह उपसून काढला, तर फाइल अर्धवट राहते. विंडोज १० च्या २०१८ मधील एका आवृत्तीपासून झटपट काढता येईल अशीच मांडणी बहुतेक पेनड्राइव्हांसाठी मुळात ठरवलेली आहे. तरीही ‘इजेक्ट’ करूनच तो काढावा. त्याला दोन सेकंद लागतात. हरवलेला प्रकल्प पुन्हा करायला महिना लागेल.

दुसरी अडचण आकाराची. ‘फॅट-३२’ मांडणीत फाइलीचा आकार नोंदवायला फक्त ४ बाइट जागा आहे. तिच्यात ४,२९,४९,६७,२९५ यापेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणून ३२ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा असला, तरी ४ गिगाबाइटचा व्हिडिओ तो नाकारतो! दोष पेनड्राइव्हचा नाही आणि युटिलिटीचाही नाही. नोंदवहीतला रकाना अपुरा पडतो.

तिसरी अडचण हात घसरण्याची. ओढता ओढता बटण सुटते आणि फोल्डर शेजारच्याच फोल्डरात जाऊन पडते. अशा वेळी घाबरू नका. मजकूर जागचा हललेला नाही, फक्त नोंद भलत्या यादीत गेली आहे. लगेच ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ या कळा एकदम दाबल्या की ती परत येते. पेनड्राइव्हवरची फाइल पुसताना मात्र जपा. ती सहसा ‘रिसायकल बिन’ या टोपलीत जात नाही, सरळ नाहीशी होते.

आणि युटिलिटीवरही डोळे झाकून विसंबू नये. ‘ड्रॅगथिंग’ चोवीस वर्षे चालला. पण २०१९ साली अॅपलच्या ‘कॅटालिना’ आवृत्तीने जुन्या ३२-बिटी प्रोग्रामांना दार बंद केले आणि त्याचा कारभार आटोपला. पूरक प्रोग्राम मूळ व्यवस्थेच्या आधारावर उभा असतो. म्हणून तो वापरावा, पण आत काय चालते ते आपल्याला माहीत असावे. असा प्रोग्राम घ्यायचा तो त्याच्या कर्त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच. शाळेच्या संगणकावर असेल तर आधी शिक्षकांना विचारून.

करून पाहा

१. एक गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल घ्या. ती त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरात ओढा आणि वेळ मोजा. मग ती पेनड्राइव्हवर ओढा आणि पुन्हा वेळ मोजा. मेगाबाइटांना सेकंदांनी भागून तुमच्या पेनड्राइव्हचा वेग काढा. नंतर पेनड्राइव्हवरच नवा फोल्डर करून तीच फाइल त्यात ओढा. या वेळी किती वेळ लागेल, याचा अंदाज आधी वहीत लिहा.

२. ‘सेव्हन-झिप’ ही विनामूल्य युटिलिटी संगणकावर असेल, तर एका छोट्या लेखी फाइलीवर उजवे बटण दाबा. यादीतील ‘सीआरसी एसएचए’ या ओळीत जाऊन ‘एसएचए-२५६’ ताळा काढा आणि त्याची पहिली आठ चिन्हे लिहून घ्या. आता फाइलीत फक्त एक पूर्णविराम वाढवा, ती साठवा आणि ताळा पुन्हा काढा.

३. तो पूर्णविराम काढून टाका, फाइल साठवा आणि या वेळी फक्त तिचे नाव बदला. ताळा बदलला का? नसेल तर का नाही, याचे उत्तर या लेखातल्या शेताच्या गोष्टीत आहे.

शिक्षकांनी हे तिन्ही प्रयोग एका तासात करून घ्यावेत. त्यानंतर वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या सर्वांत महत्त्वाच्या फाइलीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी, ताळा जुळवावा आणि मूळ फाइल जागीच राहू द्यावी.